परीकथेशी वैर कशासाठी?

जुन्नर तालुक्यातील ओझर हे गाव कुकडी नदीच्या काठी, येडगाव धरणाच्या जलाशयालगत वसलेले आहे. अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे हे स्थान. तेथील दैवतकथा महाराष्ट्रातील बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. अभिनंदन नावाच्या राजाने यज्ञ मांडला, त्यात इंद्राला हविर्भाग दिला नाही, म्हणून चिडलेल्या इंद्राने विघ्नासुराला पाठविले. विघ्नासुराने एकाच यज्ञाचा नव्हे, तर सगळ्याच सत्कर्मांचा विध्वंस चालविला. अखेर गणपतीने त्याचा पराभव केला. शरण आलेल्या असुराने एकच मागणे मागितले: देवाच्या नावाआधी आपले नाव असावे. ते मान्य झाले आणि देव ‘विघ्नेश्वर’ झाला.

यात्रेकरूंच्या मुलांना ही कथा ज्या रीतीने सांगितली जाते, तीत राक्षस काळाकभिन्न आणि देव तेजस्वी असतो, युद्ध होते आणि गोष्ट संपते. भांडण मुळात कोणी लावले, हा प्रश्न मुलांच्या मनात उभा राहू दिला जात नाही. तो प्रश्न कथेतच आहे. विघ्न राक्षसाने स्वतःहून आणले नव्हते. ते देवांच्या राजाच्या मत्सरातून आले. पराभूताचे नाव विजेत्याच्या नावाआधी घ्यावे लागते, ही गोष्टही कथेतच आहे. जुन्या कथेच्या पोटात असे कितीतरी दाबलेले प्रश्न पडून असतात. ते वर काढून मुलांसाठी नवी चित्रमय गोष्ट रचणे हे काम मराठीत किती झाले आणि ते करण्यात पुरोगामी चळवळीने किती रस घेतला, याचा हिशोब मांडण्याची वेळ आली आहे.

हा हिशोब फारसा समाधानकारक निघणार नाही. पुरोगामी कार्यकर्त्यांच्या मनात परीकथेविषयी एक जुनी अढी आहे. राजा, राणी, राक्षस, परी हे सारे सरंजामी समाजाचे अवशेष. मुलांना विज्ञान शिकवावे, श्रमाची प्रतिष्ठा शिकवावी. जादूच्या गोष्टी सांगून त्यांना अंधश्रद्धेच्या वाटेला कशाला लावावे, असा तो युक्तिवाद असतो. त्यामागील तळमळ प्रामाणिक आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. शिवाय तो नवा नाही. समाजवादी जगात हा वाद शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे.

रशियातील क्रांतीनंतर १९२० च्या दशकात तेथील अनेक शिक्षणतज्ज्ञांनी परीकथा बालवाङ्मयातून हद्दपार करण्याचा चंग बांधला होता. कर्नेई चुकोव्स्की यांच्या मगरीवरील पद्यकथेवर फेब्रुवारी १९२८ मध्ये ‘प्रावदा’त हल्ला चढविला तो दुसऱ्या कोणी नव्हे, तर लेनिनच्या पत्नी क्रुप्स्काया यांनी. चुकोव्स्कींची बाजू घेऊन मॅक्सिम गॉर्की उभे राहिले. चुकोव्स्कींचे म्हणणे साधे होते. मूल कल्पित आणि सत्य यांतील भेद ओळखते. किंबहुना जग उलटेपालटे करून पाहिल्यानेच ते सुलटे कसे आहे हे त्याला नीट कळते. वाद पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला, पण अखेर परीकथा टिकली. इतकेच नव्हे, तर पुढच्या काळात मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ या प्रकाशनांची रंगीत चित्रांनी भरलेली लोककथांची पुस्तके मराठीतूनही निघू लागली. महाराष्ट्रातील कितीतरी कार्यकर्त्यांच्या घरातील मुले त्या स्वस्त, देखण्या पुस्तकांवर वाढली.

इटलीतील जान्नी रोदारी हे तर कम्युनिस्ट पत्रकारच. त्यांनी १९५१ साली कांद्याच्या मुलाची गोष्ट लिहिली. त्या गोष्टीत लिंबू-राजपुत्राच्या जुलमी राज्याविरुद्ध भाजीपाल्यातील गोरगरीब एक होतात. सारा साचा लोककथेचा: गरिबाचा धीट मुलगा, तुरुंगात पडलेला बाप, मूर्ख सरदार, वाटेत भेटणारे मित्र. आशय मात्र नवा आणि स्वतंत्र. रोदारींना १९७० साली बालवाङ्मयाचा अँडरसन पुरस्कार मिळाला. कल्पनाशक्ती ही चैनीची वस्तू नसून ती प्रत्येक श्रमिकाच्या मुलाचा हक्क आहे, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका होती.

ज्यांच्या नावाने तो पुरस्कार दिला जातो, त्या हान्स ख्रिश्चन अँडरसन यांचे उदाहरण अधिकच बोलके आहे. ओडेन्समधील एका चांभाराचा आणि धुणी धुणाऱ्या बाईचा हा मुलगा. राजाच्या नव्या कपड्यांची त्यांची १८३७ मधील गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, परंतु तिचे मूळ चौदाव्या शतकातील एका स्पॅनिश कथासंग्रहात आहे, हे फारसे ठाऊक नसते. मूळ कथेत जो आपल्या बापाचा खरा मुलगा नसेल, त्याला ते वस्त्र दिसत नाही. म्हणजे भीती आहे ती वारसाहक्क गमावण्याची. अँडरसननी ती कसोटी बदलली. जो आपल्या पदाला नालायक असेल, त्याला वस्त्र दिसणार नाही, असे त्यांनी केले, आणि वारशाची गोष्ट अधिकाऱ्यांच्या ढोंगाची गोष्ट झाली. मूळ कथेत राजा नागडा आहे असे सांगतो तो ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही नाही असा एक काळा मोतद्दार. अँडरसननी शेवटच्या क्षणी, मुद्रिते तपासताना, सत्य बोलण्याचे काम एका लहान मुलाकडे सोपविले. बीज परंपरेचे, पण एकदोन जागी केलेल्या बदलाने सारी कथा नवी झाली. मोतद्दार मात्र त्या बदलात हरवला. उसनवारी करताना काय मिळते आणि काय गमावते, हे या एका उदाहरणात दिसते.

आता महाराष्ट्राकडे वळावे. दख्खनच्या लोककथांचा इंग्रजीतील पहिला महत्त्वाचा संग्रह १८६८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे त्याचे नाव, आणि त्यावर लेखिका म्हणून नाव आहे मेरी फ्रियर यांचे. त्या मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्या. परंतु त्या गोष्टी सांगितल्या होत्या अ‍ॅना लिबराता डिसूझा या आयाने. दख्खनच्या दौऱ्यात एकट्या पडलेल्या साहेबाच्या मुलीला तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या कथा ऐकविल्या. फ्रियरबाईंनी अ‍ॅनाचे आत्मनिवेदन पुस्तकाच्या आरंभी छापले, हा त्यांचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. त्यानंतरच्या किती संग्राहकांनी आपल्या कथेकऱ्यांचे नावही नोंदविले नाही! तरीही कथा दासीची आणि पुस्तक मालकिणीचे, ही व्यवस्था तेव्हापासून आजतागायत फारशी बदललेली नाही. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास मराठीत रुजविला, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खेड्यापाड्यांतील स्त्रियांचे मौखिक धन छापून काढले. हे साहित्य ग्रंथालयांत आहे. पण त्यातून बालकांच्या हाती रंगीत चित्रपुस्तक होऊन किती आले?

मराठीतील स्वतंत्र परीकथेचे सर्वांत जोमदार पीक पुस्तकात नव्हे, तर रंगभूमीवर आले. रत्नाकर मतकरी यांच्या ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यांनी राक्षस आणि चेटकीण ही परंपरेतील पात्रे घेऊन संपूर्ण नवी कथानके उभी केली. परंतु नाट्यगृह शहरात असते. ओझरच्या किंवा आंबेगावच्या डोंगराळ भागातील मुलापर्यंत नाटक पोचत नाही. पुस्तक पोचू शकते. चित्रपुस्तकाच्या क्षेत्रात गेल्या काही दशकांत पुण्यात मोलाचे काम झाले आहे. माधुरी पुरंदरे यांची चित्रे आणि त्यांचे लेखन यांनी मराठी मुलांच्या रोजच्या जगाला प्रतिष्ठा मिळवून दिली. पण हे जग बहुतांशी घरातले, शेजारातले, आजचे आहे. लोककथेचे बीज घेऊन नवी परीकथा रचावी आणि ती चित्रांतून सांगावी, ही वाट अजून म्हणावी तशी मळलेली नाही.

जे थोडे होते, त्यातही एक खोट दिसते. आधुनिक म्हणविणाऱ्या अनेक परीकथांत राजकन्येच्या हाती तलवार येते, ती राक्षसाला स्वतः मारते, लग्नाला नकार देते. हे चांगलेच आहे. परंतु राजवाडा तसाच राहतो. राजकन्येचे केस विंचरणारी दासी दासीच राहते. राक्षस काळाच असतो आणि जंगलात राहतो. जंगलात राहणारा आणि वर्णाने काळा म्हणजे दुष्ट, हे समीकरण महादेव कोळी, ठाकर किंवा कातकरी समाजाच्या मुलाने चित्रात पाहावे तेव्हा त्याला काय वाटत असेल? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आश्रमशाळांत हीच मुले शिकतात. एका पात्राचे लिंग बदलले म्हणजे कथा पुरोगामी होत नाही. कथेतील सत्तेची मांडणी बदलली पाहिजे, चित्रातील रंगांचा अर्थ बदलला पाहिजे.

हे कसे घडू शकेल, याचे उत्तर याच परिसरात सापडते. श्रावणातील शिळासप्तमीची कहाणी घ्यावी. राजाने गाव वसविले, तळे बांधले, परंतु तळ्याला पाणी लागेना. जलदेवतांनी राजाच्या सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागितला. राजाने सुनेला माहेरी धाडले आणि तिला न विचारता, तिच्या पाठीमागे, मूल तळ्यात ठेवले. पाणी आले. सून परत आली, तिने तळ्याकाठी भक्तिभावाने वसा केला आणि तिचे मूल तिला परत मिळाले. व्रतकथा म्हणून ही कहाणी श्रद्धेचे फळ सांगते. पण तिचा पूर्वार्ध पाहिला तर ती राज्यकर्त्यांच्या विकासनीतीचे इतके नेमके वर्णन आहे की थक्क व्हावे: पाणी सर्वांना हवे, किंमत एकाने मोजायची, आणि ज्याने मोजायची त्याला विचारायचेही नाही.

कुकडी प्रकल्पाने येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे उभी केली. त्यांचे पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. दुष्काळी शेतकऱ्याला पाणी मिळाले, हे उत्तमच झाले. परंतु आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते जुने आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. घोड नदीच्या खोऱ्यातील आदिवासींची भातखाचरे बुडाली. तळ्याला पाणी लागले, पण बळी दिलेले मूल कोणाचे होते? कहाणीत मूल देवतेच्या कृपेने परत येते. प्रत्यक्षात विस्थापितांना जे काही परत मिळाले, ते संघटनेच्या बळावर. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने डिंभे परिसरातील आदिवासींनी जलाशयातील मासेमारीचा हक्क आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी कसण्याचा हक्क यांसाठी दीर्घ लढा दिला. या कार्याला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार लाभला. ज्या पाण्याने घर बुडविले, त्याच पाण्यावर होडी घालून माणसे परत आली. एखाद्या चित्रकाराला आणि लेखकाला याहून मोठे कथाबीज कोणते हवे? तळे, राजा, माहेरी धाडलेली सून, रिकामा पाळणा आणि शेवटी होडी. अशी गोष्ट लहान मुलाला रडवील, धीर देईल, आणि तिच्यात एकही घोषणा द्यावी लागणार नाही.

दुसरे उदाहरण भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीचे. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघ-कोल्ह्यांना ‘परतताना खा’ असे सांगून निसटते आणि परतताना भोपळ्यात बसून त्यांना चकविते. दुर्बळाने बुद्धीच्या बळावर बलवंताला हरविण्याची ही कथा आहे. म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. जुन्नर-ओझरच्या मुलाला तिच्यातील वाघ अनोळखी नाही. कालव्यांबरोबर ऊस आला, आणि उसात बिबट्या राहू लागला. २००१ ते २००३ या काळात या भागात बिबट्याचे माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले. एकीकडे पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याच्या पद्धतीशी त्याचा संबंध असल्याचे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाने पुढे दाखवून दिले. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र झाले. पण शेताच्या बांधावर कोपीत निजणारे ऊसतोड कामगाराचे मूल आणि वाड्यावर मुक्काम ठोकणारे मेंढपाळाचे मूल यांना निवारा कोणता? बंगल्यातील मुलासाठी बिबट्या ही बातमी आहे; कोपीतील मुलासाठी ती रात्र आहे. याच डोंगरपट्ट्यातील जुन्या माणसांनी वाघोबाला देव मानून त्याच्याशी सोबतीचा करार केला होता. म्हातारी, भोपळा, ऊस, बिबट्या आणि वाघोबाचा जुना करार यांतून नवी गोष्ट रचली गेली, तर ती भीतीला नाव देईल, सावधपणा शिकवील आणि जनावराविषयीचा आंधळा द्वेषही पेरणार नाही.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. लोककथेला हात लावणाऱ्या चळवळीतील लेखकाला उपदेशाचा मोह फार होतो. मग राक्षस भांडवलदार होतो, परी कार्यकर्ती होते आणि शेवटच्या पानावर सभा भरते. अशा पुस्तकाला मूल दुसऱ्यांदा हात लावीत नाही, आणि त्याचेच बरोबर असते. परीकथेच्या वेषात पक्षाचे परिपत्रक देणे ही मुलाची फसवणूक आहे. गिजुभाई बधेका हे मॉन्टेसरी पद्धतीचे पुरस्कर्ते असूनही लोककथांना त्यांनी वर्गात मानाचे स्थान दिले. गोष्टीतील आनंद हेच गोष्टीचे पहिले प्रयोजन, ही जाण त्यांना होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर अंगणवाडी नेली, तीही मुलांच्या परिसरातील वस्तू आणि गाणी-गोष्टी हाती घेऊन.

जुनी कथा बदलणे म्हणजे परंपरेचा अपमान, असे सांगणारा दुसरा वर्गही आहे. त्याला एवढेच सांगावे लागेल की लोककथेची एकच प्रमाण प्रत कधीच नव्हती. प्रत्येक आजीने ती आपल्या गरजेप्रमाणे बदलली, प्रत्येक गावाने तिच्यात आपली नदी घातली. न बदलणारी कथा ही छापखान्याची निर्मिती आहे. बदल हाच लोकपरंपरेचा धर्म होय.

प्रश्न उरतो तो किमतीचा आणि वाटपाचा. रंगीत चित्रपुस्तक छापणे खर्चाचे असते. सोव्हिएत पुस्तके स्वस्त होती, कारण त्यांमागे राज्यसंस्थेचा पैसा होता. १९९१ मध्ये ते राज्य कोसळले आणि तो ओघ आटला. त्याची जागा घेण्याची ऐपत येथील शासनाकडे निश्चित आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ पासून आहे. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असणे बंधनकारक केले आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. म्हणजे शासन मुलांसाठी चांगले प्रकाशन करू शकते, हे सिद्ध झालेले आहे. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ पासून खुल्या परवान्याखाली शेकडो चित्रकथा, मराठीसह, विनामूल्य उपलब्ध केल्या, पण पडद्यावरील पुस्तक हे मुलाच्या उशाशी ठेवण्याच्या पुस्तकाची जागा घेऊ शकत नाही, आणि कोपीत तर पडदाही नसतो.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे मनोरंजनाचा किरकोळ विषय म्हणून पाहू नये. साने गुरुजींनी मुलांना गोष्टी सांगणे हे स्वातंत्र्यलढ्याइतकेच गंभीर कार्य मानले, आणि १९५० साली ते गेल्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावाची कथामाला गावोगाव नेली. त्या परंपरेला आज नवे काम द्यायला हवे. प्रत्येक तालुक्यातील शाखेने गावातील वृद्ध स्त्रियांकडून, मजूर-मेंढपाळांकडून गोष्टी नोंदवून घ्याव्यात आणि सांगणाऱ्याचे नाव, त्याची संमती असेल तर, अग्रभागी छापावे. मोबदला मिळाला तर त्यातील वाटा त्याला द्यावा. लेखक आणि चित्रकारांना या सामग्रीतून नव्या कथा रचण्यास पाचारण करावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ग्रंथालयाच्या खरेदीची यादी मागावी, आणि तीत गाईडे किती व गोष्टींची पुस्तके किती हे विचारावे. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या तळांवर फिरती पुस्तकपेटी असावी, ही मागणी मजुरीच्या मागणीबरोबरच मांडावी. पुस्तकाची पेटी ही भाकरीनंतरची गोष्ट आहे, असे म्हणून ती पुढे ढकलली, तर ती कधीच येणार नाही.

जुन्नर तालुक्यातील सहकारी साखर कारखान्याला विघ्नहराचेच नाव आहे. त्याच्या उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या बाईला रात्री मुलाला निजवताना गोष्ट येतच असते. ती गोष्ट पुस्तकात यावी, पुस्तक तिच्या मुलाच्या हाती यावे आणि पहिल्या पानावर तिचे नाव असावे. ओझरच्या असुराने पराभव पत्करतानाही आपले नाव पुढे लावून घेतले. जिने कथा जिवंत ठेवली तिला तेवढे तरी मिळालेच पाहिजे.